जन्मालाच न आलेल्या माणसाचा सत्कार

आमच्या कॉम्प्युटरवरच्या बेसबॉल लीगमध्ये २४ संघ आहेत आणि त्यातल्या एकाही संघात खरा माणूस खेळत नाही. खेळाडू कॉम्प्युटरने जन्माला घातलेले. नावंही त्यानेच ठेवलेली, कुठलं तरी पहिलं नाव कुठल्याही आडनावाला जोडून. खरी माणसं म्हणजे मॅनेजरच्या खुर्चीत बसलेले आम्ही चोवीस जण: बरेचसे अमेरिकेत, थोडे कॅनडात आणि एकटी मी पुण्यात. बफेलोचा संघ माझा. बफेलोला मी एकदाच गेले आहे, तेही नायगारा बघायला जाताना वाटेत.

ऑफिसने क्लीव्हलंडला पाठवलं होतं तेव्हा बेसबॉलचा नाद लागला. तिथल्या प्रोग्रेसिव्ह फील्ड मैदानावर स्वस्तातलं तिकीट काढून वर बसायचं आणि शेजारच्या आजोबांना प्रश्न विचारून भंडावून सोडायचं. परत आल्यावर नाद सुटेल असं घरच्यांना वाटलं होतं. तो सुटला नाही, फक्त मैदानावरून लॅपटॉपवर आला. ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा गेम जर्मनीतल्या मार्कुस हाइन्सोन यांनी १९९९ मध्ये काढला, तेव्हापासून त्याच्या नवनव्या आवृत्त्या येतात. यात बटणं दाबून चेंडू मारायचा नसतो. संघ चालवायचा: कोणाला खेळवायचं, कोणाला देऊन कोणाला घ्यायचं, पगार किती मोजायचा, कोवळ्या पोरांतून कोण उचलायचं. प्रत्येकाने आपले निर्णय फाईल करून पाठवायचे. कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा, त्या गोळा करतो आणि कॉम्प्युटर आठवडाभराचे सामने खेळून मोकळा होतो. ठरलेली वेळ तिकडची रात्री नऊची, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसहा. चहा टाकायचा आणि निकाल उघडायचा.

ज्यांना हे पोरकट वाटेल त्यांनी शाळेतलं बुक क्रिकेट आठवावं. बालभारतीचं पुस्तक उघडायचं, डाव्या पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे रन, शून्य आला की आउट. मी आणि दादा नुसते खेळून थांबायचो नाही, वहीच्या मागच्या पानांवर सरासऱ्याही काढायचो. फरक एवढाच, की त्या वहीत गावसकर सलग तीनदा शून्यावर गेला की दादा पुस्तकच बदलायचा.

तर, हॉल ऑफ फेम: निवृत्त खेळाडूंतले थोर कोण ते निवडून त्यांना कायमचा मान द्यायचा. गेममध्ये हे काम कॉम्प्युटरवर सोपवता येतं. आमच्या लीगने ते पहिल्यापासून हातात ठेवलंय. टोरंटो संघ चालवणारे एक निवृत्त शिक्षक ही निवडणूक घ्यायचे. मी त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणते. या वेळी त्यांनी जाहीर केलं की आता कोणीतरी कमी वयाच्या माणसाने हे घ्यावं, आणि बाकी सगळे गप्प राहिले. गप्प राहण्यात मी कमी पडले, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

आमचे नियम खऱ्या हॉलवरून घेतलेले आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन नावाच्या छोट्याशा गावात ते संग्रहालय १९३९ पासून उभं आहे. बेसबॉल पत्रकारांचं मतदान त्याच्या आधीच, १९३६ मध्ये सुरू झालं. २२६ मतपत्रिका आल्या, त्या जमान्यातल्या दोन महान खेळाडूंपैकी टाय कॉबला २२२ मतं पडली आणि बेब रूथला २१५. म्हणजे ११ शहाण्यांना बेब रूथ पसंत नव्हता. ७५ टक्के मतं मिळाली तरच आत, हा दंडक तेव्हापासूनचा. खेळाडू किमान दहा मोसम खेळलेला हवा, निवृत्त होऊन पाच वर्षं व्हायला हवीत, आणि पाच टक्क्यांच्या खाली घसरला की नाव कायमचं यादीबाहेर. आमच्याकडे मोसम तीन-चार महिन्यांत उरकतो, त्यामुळे पाच मोसमांची वाट म्हणजे खऱ्या घड्याळात दीड वर्षाच्या आसपास. मतदार चोवीस, म्हणजे आत जायला अठरा मतं. पाच टक्के म्हणजे एक पूर्णांक काहीतरी, म्हणून टिकून राहायला दोन मतं लागतात. एक मत प्रत्येकाला आपल्याच मॅनेजरचं मिळतं. दुसरं कमवावं लागतं. हा हिशोब ज्याने बसवला त्याला माणसं कळत होती.

दोन गोष्टी मात्र आमच्या स्वतःच्या. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त पाच नावं (तिकडे दहा), आणि मतदान उघडं. प्रत्येक होकाराला आणि मुख्य उमेदवारांच्या नकाराला दोन ओळींचं कारण लिहायचं. तिकडे २०२० मध्ये डेरेक जीटरला ३९७ पैकी ३९६ मतं पडली आणि तो एक कोण हे आजतागायत कोणी पुढे येऊन सांगितलेलं नाही. आमच्याकडे असं लपता येत नाही. हा नियम मला फार आवडायचा. मतमोजणी होईपर्यंत.

पहिलं काम यादीचं. गेमच्या फाईलमधून निवृत्त खेळाडू काढायचे, दहा मोसमांची चाळण लावायची, मग प्रत्येकाचं एक पान. त्यावर मुख्य आकडे आणि वॉर. वॉर हा आकडा सांगतो की हा खेळाडू नसता आणि त्याच्या जागी बाकावरचा कोणीही सहज मिळणारा उभा केला असता, तर संघाने किती सामने कमी जिंकले असते. त्याच्याच जोडीला जे जॅफी यांनी रूढ केलेलं माप: कारकिर्दीचं एकूण वॉर आणि सर्वांत चांगल्या सात मोसमांचं वॉर, दोन्हींची सरासरी. त्याला ‘जॉज’ म्हणतात. नुसतं टिकून राहिलेल्याला एकूण आकडा हात देतो, थोडा काळ तळपलेल्याला सात मोसमांचा. जॉज दोघांनाही एकाच तराजूत बसवतं.

इथपर्यंत काम यंत्राचं आहे. एक्सेल येणारा कोणीही करील. खरा घोळ पुढे सुरू होतो.

मास्तरांनी जाता जाता एक कागद हातात दिला होता: केल्टनर यादी. केन केल्टनर हा क्लीव्हलंडचा थर्ड बेसमन, म्हणजे तिसऱ्या बेसवरचा फिल्डर. १७ जुलै १९४१ ला त्याने दोन जबरदस्त चेंडू अडवले आणि जो डिमॅजिओची सलग ५६ सामन्यांत हिट मारण्याची (चेंडू मारून बेस गाठण्याची) मालिका संपली. हा हॉलमध्ये जावा का, या वादावरून बिल जेम्स या आकडेतज्ज्ञाने १९८० च्या दशकात १५ प्रश्न काढले, आणि कुठल्याही उमेदवाराला ते विचारावेत अशी पद्धत पडली. आपल्या संघातला तरी तो सर्वोत्तम होता का? हॉलबाहेर राहिलेल्यांत हाच सर्वांत लायक आहे का? असे साधे, पण पळवाट न ठेवणारे प्रश्न. पहिलाच प्रश्न असा: तो खेळत असताना कोणी त्याला या खेळातला सर्वोत्तम मानत होतं का?

मानत होतं का? कोण मानणार? प्रेक्षक नाहीत, पत्रकार नाहीत. मानणारे असलो तर आम्ही चोवीस. या प्रश्नाचं उत्तर गेमच्या फाईलमध्ये कुठेच नसतं. ते सापडतं आमच्या जुन्या मेलांमध्ये, एकमेकांना पाठवलेल्या शिव्याशापांत, अदलाबदलीच्या प्रस्तावांत. म्हणून मी उमेदवारांची नावं घालून जुनी मेल उपसायला बसले. एखाद्या पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासाठी, पोर्टलंडवाल्याने दोन तरणेबांड बॅटर आणि वर नव्या पोरांच्या पुढच्या निवडीतला पहिला हक्क देऊ केला होता, हे वाचलं की तो पिचर काय चीज होता ते वॉरपेक्षा लवकर कळतं.

तो पिचर माझाच. खरं नाव सांगून काही उपयोग नाही, ते यंत्राने बनवलेलं आहे आणि माझ्या जिभेवर कधी बसलंच नाही. मी त्याला तात्या म्हणते. मी माझ्या सगळ्याच खेळाडूंना असली नावं ठेवते आणि दुसऱ्यांच्याही.

तात्या डावखुरा. या गेममध्ये पिचरचे तीन मुख्य गुण असतात: चेंडूतली धार, चेंडूची वळवळ आणि टप्प्यावरचा ताबा, प्रत्येक २० ते ८० च्या पट्टीवर. तात्याच्या गुणपत्रिकेत ताबा आणि धार अशी होती की इतर मॅनेजर माझ्याशी मालिका असली की आधी तात्याची पाळी कधी आहे ते बघायचे. सहा मोसम हे चाललं. मग एका सकाळी चहाचा कप हातात असताना तांबड्या अक्षरांतली ओळ दिसली: खांद्याचा स्नायू फाटला, मोसम संपला. तो परत आला तेव्हा धार निम्म्यावर आली होती. पुढे शेवटचे दोन मोसम तो आमच्याकडे सामन्याच्या नऊपैकी मधल्या इनिंग टाकायला होता, आणि मगच निवृत्त झाला. त्या दोन मोसमांमुळेच त्याचे दहा भरले.

आणि इथेच लोकांनी मला धरलं. डेन्व्हरवाल्याने सगळ्यांना लिहिलं की बफेलोने एक निकामी पिचर दोन वर्षं फक्त दहा मोसमांची अट भरायला पगारावर ठेवला. मी लिहिलं: ठेवला. मग? संघाचा पगार माझा, बाक माझा, आणि त्याने टाकलेल्या इनिंग खऱ्या. म्हणजे, आमच्यापुरत्या खऱ्या. ॲडी जॉस नावाचा पिचर नऊ मोसम खेळून १९११ मध्ये आजाराने गेला. त्याच्यासाठी खऱ्या हॉलने दहाची अट शिथिल करून त्याला १९७८ मध्ये आत घेतलं. मी तर अट भरून उभी होते.

तात्याचा दाखला म्हणून माझ्याकडे सँडी कोफॅक्स होता. हाही डावखुरा. १९६६ च्या मोसमानंतर वयाच्या तिसाव्या वर्षी कोपराच्या संधिवाताने त्याने खेळ सोडला. विजय फक्त १६५, जेव्हा मोठ्या पिचरांची मोजदाद तीनशेच्या भाषेत होते. पण शेवटचे पाचही मोसम ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, लीगमध्ये सर्वांत कमी त्याचीच. १९७२ मध्ये तो पहिल्याच फटक्यात निवडून आला, छत्तिसाव्या वर्षी. शिखर किती उंच आणि पठार किती लांब, यातलं काय मोजायचं हा हॉलमधला सर्वांत जुना वाद आहे आणि मी शिखरवाली आहे. हे मी मतपत्रिकेवरही लिहिलं.

बाबा माझ्याकडेच राहतात. ते दादरचे, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वाढलेले. रोज सकाळी मी लॅपटॉपपुढे काय पुटपुटते हे त्यांना आता माहीत झालंय. यादी बघून म्हणाले, “अगं, हा तुझा तात्या म्हणजे आपला शिवलकरच की.”

“नाही हो बाबा. शिवलकर पुष्कळ वर्षं खेळले. त्यांचं दुखणं वेगळं.”

“दुखणं वेगळं, पण भांडण तेच ना? आकड्यात बसत नाही, पण ज्यांनी बघितलं त्यांना विचारा.”

पद्माकर शिवलकरांच्या प्रथम श्रेणीत ५८९ विकेट आणि कसोटी एकही नाही, कारण तेव्हा डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदींची होती. हरयाणाचे राजिंदर गोयलही त्याच रांगेत उभे राहून म्हातारे झाले. २०१७ मध्ये बीसीसीआयने दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, तेव्हा बाबांनी पेपरातलं कात्रण कापून ठेवलं होतं. त्यांचा मुद्दा मला तेव्हा पटला नाही, कारण शिवलकरांना बघितलेले हजारो लोक होते आणि तात्याला कोणीच बघितलेलं नाही. आम्ही बघतो तो चौकटीतला निकाल. पण जुनी मेल चाळताना जाणवायला लागलं की या चोवीस जणांना तात्या ‘बघितल्यासारखा’ आठवतो. माझं तर मत झालंय की आमच्यासारख्या लीगमध्ये हॉल ऑफ फेमने आकड्यांच्या मागे फार लागूच नये. आकडे गेमने दिलेत, ते फाईलमध्ये सुखरूप आहेत, त्यांना हॉलची गरज नाही. फाईलमध्ये नसतं ते एवढंच, की तो समोर आला की आपली झोप उडायची. तेवढं नोंदवायला हॉल हवा.

हे म्हणणं सोपं होतं, कारण ते तात्याच्या सोयीचं होतं. पैलवानाच्या बाबतीत ते माझ्यावर उलटलं.

पैलवान हा डेन्व्हरचा फर्स्ट बेसमन. होम रन, म्हणजे थेट मैदानाबाहेरचे फटके, असे मारायचा की आमच्या लीगचे तीन विक्रम त्याच्या नावावर आहेत. पण डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच, ५,२८० फूट. हवा विरळ, चेंडू लांब जातो. आमच्या गेममध्येही त्या मैदानाला तसाच पार्क फॅक्टर, म्हणजे मैदानामुळे पडणाऱ्या फरकाचा आकडा, दिलेला आहे. शिवाय लीगच्या सुरुवातीच्या मोसमांत होम रनचं प्रमाण सेटिंगमध्येच जास्त ठेवलेलं होतं, नंतर कमिशनरने ते खाली आणलं. पैलवान नेमका त्या सुगीच्या काळात पिकला. मैदान आणि काळ दोन्ही वजा केलं की तो चांगला उरतो, थोर उरत नाही, असं माझं गणित. खऱ्या हॉलमध्ये लॅरी वॉकरची हीच गत होती: त्याच्या कारकिर्दीतला मोठा भाग डेन्व्हरच्या संघात, कूर्स फील्ड हे घरचं मैदान असताना गेला, आणि पहिल्या वर्षी, २०११ मध्ये, २०.३ टक्क्यांवर अडकलेला हा माणूस दहाव्या आणि शेवटच्या वर्षी ७६.६ टक्क्यांनी कसाबसा आत गेला. डेन्व्हरवाल्याने वॉकरचं उदाहरण मला पाठवलं. मी उलट उत्तर दिलं की वॉकर फिल्डिंग आणि बेस पळण्यातही अव्वल होता. पैलवान पळायला लागला की शेजारच्या राज्यात भूकंप नोंदवत असतील.

बाकी उमेदवारांवर फार लिहीत नाही, दोघांचा अपवाद. एकाला मी पेन्शनर म्हणते. वीस मोसम खेळला, कुठल्याच मोसमात कोणाच्या डोळ्यात भरला नाही, पण हिट साठत गेल्या. त्याच्या मॅनेजरने हॅरल्ड बेन्सचा दाखला दिला: २,८६६ हिट, पत्रकारांच्या मतदानात कधी साडेसहा टक्केही नाहीत, आणि तरी हॉलच्या वेगळ्या समितीने १६ पैकी १२ मतांनी त्याला २०१९ च्या तुकडीत आत घेतलं. हा दाखला देऊन त्याने पेन्शनरचं नुकसानच केलं. बेन्सचं नाव काढलं की अर्धे मतदार भडकतात.

दुसरा शेठ. अफलातून शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर), तीन संघ, तीन विजेतेपदं. या गेममध्ये खेळाडूंना स्वभावही असतो: नेतृत्व, निष्ठा, लोभ, मेहनत, बुद्धी. शेठचा लोभ कळसाला आणि निष्ठा तळाला. करार संपला की जास्त बोलीच्या दिशेने चालता. खऱ्या हॉलच्या नियमांत खेळासोबत सचोटी, खिलाडूपणा आणि चारित्र्यही बघावं असं लिहिलेलं आहे, आणि त्या एका वाक्यावर उत्तेजकांचा संशय असलेल्या बॅरी बाँड्सपासून कित्येकांचं घोडं अडलं. मास्तरांनी तेच कलम शेठला लावलं. मी त्यांना लिहिलं की मास्तर, आमच्याकडे म्हणतात सटवाई पाचवीला येऊन कपाळावर लिहून जाते. याच्या कपाळावर प्रोग्रामने फासा टाकून लोभ लिहिला. त्याने कधी निवड केलीच नाही, मग दोष कसला? मास्तरांचं उत्तर आलं: मग त्याच्या होम रनचं श्रेय तरी त्याला कशाला? तेही त्याच फाशाने लिहिलंय. याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. मी शेठला मत दिलं. मास्तरांनी नाही दिलं.

मतदानाचा आठवडा हाउसिंग सोसायटीच्या निवडणुकीसारखा गेला. उघडपणे तत्त्वं आणि खासगीत ‘तू माझ्या माणसाला दे, मी तुझ्या माणसाला देतो’. एकाने तर पुढच्या मोसमात बदली पिचर देऊ केला. तो मेल मी सगळ्यांना पाठवला. निवडणूक अधिकाऱ्याला तेवढा आनंद मिळायला हवा.

मुदत रविवारी तिकडच्या रात्री नऊला संपत होती. सोमवारी पहाटे उठून बघितलं तर तेवीस मतपत्रिका आल्या होत्या. शेठ निवांत आत. पेन्शनरला एकच मत, त्याच्या मॅनेजरचं. म्हणजे नाव बाद. बरं खेळून असा फटका बसणारा तो एकटा नाही, लू व्हिटेकरसारखा सेकंड बेसमन २००१ मध्ये पहिल्याच वर्षी २.९ टक्क्यांवर कायमचा यादीबाहेर गेला होता. आणि तात्या व पैलवान, दोघेही सतरावर.

उरलेलं मत मेम्फिसवाल्याचं. तो ट्रक चालवतो, आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर असतो. मी मेल केला, कमिशनरने फोन केला. त्याने मत दिलं नसतं तर छेद २३ झाला असता आणि सतराचे ७३.९ टक्के, म्हणजे दोघेही बाहेर. आठ वाजून गेले होते तिकडे. बाबा उठून आले आणि न बोलता खुर्ची ओढून बसले.

मुदतीच्या थोडं आधी मतपत्रिका आली. कुठल्यातरी ट्रक-थांब्यावरून फोनवर टाइप केलेली, स्पेलिंगची वाट लागलेली. पैलवानापुढे नकार, कारण ‘मैदान’ एवढा एकच शब्द. तात्यापुढे होकार. कारण असं: “फायनलचा सातवा सामना. माझ्या संघाविरुद्ध यानेच नऊच्या नऊ इनिंग टाकल्या. दोन दिवसांपूर्वीच टाकून आला होता, मला वाटलं दमला असेल. मी त्या रात्री दोनशे मैल चालवले आणि पूर्ण वेळ त्याला शिव्या दिल्या.”

अठरा. बरोबर ७५ टक्के.

बाबांनी विचारलं, “झालं का तुमच्या तात्यांचं?” झालं म्हटल्यावर त्यांनी टेबलावर थाप मारली. मग यादीवर बोट ठेवून म्हणाले, “आणि हा पैलवान सतरा. एकाने राहिला. कोणी दिलं नाही त्याला?”

नकार देणारे सात होते, मेम्फिसवाला त्यातला शेवटचा. पण मतदान उघडं असल्यामुळे सात जणांची नावं सगळ्यांसमोर होती आणि त्यात माझं होतं. त्याहून वाईट म्हणजे तात्याला होकार देणाऱ्या अठरांमध्ये डेन्व्हरवाला होता. दोन वर्षं मी पिचर मुद्दाम ठेवला म्हणून माझ्यावर तुटून पडलेला हा माणूस. त्याने लिहिलं होतं: “ठेवणं मला आवडलं नाही. पण सहा मोसम मी याला घाबरलो.” त्याने मत दिलं नसतं तर तात्या सतरावर अडकला असता. मी मत दिलं असतं तर पैलवान आत असता. २०१४ मध्ये खऱ्या हॉलच्या मतदानात क्रेग बिजिओ दोन मतांनी राहिला तेव्हा मत न देणाऱ्यांना काय वाटलं असेल याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. मला वाईट वाटलं. मत मात्र बरोबर होतं असंच वाटलं, आणि आजही वाटतं.

निकालानंतर टोपीचा तंटा. कूपर्सटाउनच्या ब्राँझच्या पाटीवर खेळाडूच्या टोपीवर कुठल्या संघाचं चिन्ह असावं हे हॉल ठरवतं. आंद्रे डॉसनला २०१० मध्ये शिकागो कब्जची टोपी हवी होती, मिळाली माँट्रियल एक्स्पोजची. शेठवर तीन मॅनेजरांनी हक्क सांगितला, हा जिवंत असता तर त्याने तिघांकडून बोली मागवल्या असत्या. शेवटी ग्रेग मॅडक्सप्रमाणे बिनचिन्हाची टोपी ठरली.

तात्याच्या टोपीवर वाद नव्हता. पाटीचा मजकूर मी लिहिला. आमची मर्यादा साठ शब्दांची. पहिल्या मसुद्यात मी विशेषणांचा पाऊस पाडला होता. मास्तरांनी सगळी खोडून परत पाठवला आणि वर लिहिलं, ब्राँझवर अक्षरांचे पैसे पडतात. उरला तो असा: डावखुरा. सहा मोसम त्याच्यासमोर कोणी हौसेने उभं राहिलं नाही. फायनलचा सातवा सामना एकट्याने संपवला. खांदा गेला, तरी येत राहिला.

मूळ इंग्रजीत तो जरा बरा वाचला जातो. समारंभ म्हणजे व्हिडिओ कॉल. बारा-तेरा जण आले, एकाच्या मागे कुत्रा भुंकत होता. मॅनेजरने आपल्या खेळाडूच्या वतीने दोन मिनिटं बोलायचं असतं. बाबा कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसून ऐकत होते. मी मेम्फिसवाल्याची मतपत्रिका वाचून दाखवली, त्याच्यापेक्षा चांगलं मला काही सुचलं नसतं. मग कमिशनरने स्क्रीन दाखवत तात्याचं पान उघडलं, एका चौकोनात खूण केली आणि फाईल सेव्ह केली. तात्याच्या नावाखाली एक नवी ओळ आली. डेन्व्हरवाल्याने टाळ्या वाजवल्या, माइक बंद ठेवून.

पैलवान पुढच्या मतपत्रिकेवर आहेच. डेन्व्हरवाल्याचा पहिला मेल दुसऱ्याच दिवशी आला: पार्क फॅक्टर आणि लीगची होम रन सरासरी दोन्ही धरून मोसमागणिक नव्याने केलेलं गणित, एक्सेलची चार पानं. मी ते तपासलं. दोन मोसमांत त्याचं बरोबर आहे, माझ्या गणितात पैलवान जरा जास्तच कापला गेला होता. तसं त्याला कळवलं. मत बदलेल का, असं त्याने उलट विचारलंय. अजून नाही.